आधी भुयार, मग जग

जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून एक खेळ विक्रीला आला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली छपाई एक हजार प्रतींची. चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचे, एकाने खेळ चालवायचा, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन ‘मी दार ढकलतो’, ‘मी मशाल पेटवते’ असे सांगत पुढे सरकायचे, आणि वार लागला की हुकला हे फाशांवर सोडायचे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ला आता पन्नास वर्षे उलटून गेली. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे त्याचे नाव हा खेळ कधी न पाहिलेल्यांच्याही कानावर आले आहे. हा खेळ खेळणाऱ्याला आज ना उद्या स्वतःचे एक अद्भुत जग रचावेसे वाटते, आणि बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. आधी खंड आखले जातात, मग पर्वतरांगा, मग देवदेवता, मग तीन हजार वर्षांच्या राजघराण्यांच्या वंशावळी. वही भरते, महिने जातात आणि खेळ काही सुरू होत नाही. माझे म्हणणे असे की ही सुरुवातच उलट्या टोकाकडून होते. जग उभे करायचे असेल तर आधी एक भुयार आखावे आणि त्या भुयाराला जेवढे जग लागते तेवढेच बाहेर वाढवत न्यावे. हा आळशांचा सल्ला वाटेल, पण या खेळातली टिकलेली जगे कशी घडली हे पाहिले तर तो फार जुन्या अनुभवाचा आहे.

मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत डेव्ह आर्नेसन हा तरुण नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर खेळणाऱ्या मंडळींपैकी एक होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ब्लॅकमूर नावाचा किल्ला रचला, त्याच्याजवळ गाव वसवले आणि खाली तळघरांचे मजले काढले. १९७२ च्या अखेरीस हा खेळ त्याने लेक जिनिव्हाला, पुढे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा त्याच्याबरोबरचा सहकर्ता झालेल्या गॅरी गायगॅक्सला दाखवला. गायगॅक्सने लगोलग स्वतःचे भुयार आखले, ग्रेहॉक किल्ल्याखालचे. त्यात उतरणारे पहिले खेळाडू म्हणजे त्याचीच मुले, अर्नी आणि एलिस. भुयारात धन सापडू लागले तसा प्रश्न आला की हे विकायचे कुठे आणि रात्री निजायचे कुठे. म्हणून जवळ एक शहर आले. शहराबाहेर जायची वेळ आली तेव्हा गायगॅक्सने नवा भूगोल रचत बसण्याऐवजी उत्तर अमेरिकेच्या नकाशावरच आपली गावे बसवली. ग्रेहॉक आले शिकागोच्या जागी, त्याचे प्रतिस्पर्धी शहर डायव्हर्स आले मिलवॉकीच्या आसपास. आणि भुयाराच्या अगदी तळाशी, तेराव्या मजल्यावर, एक घसरगुंडी होती. तीवरून सुटलेला माणूस थेट पृथ्वीच्या पलीकडे, चीनमध्ये बाहेर पडे, आणि घरी यायचे तर उघड्या मुलखातून पायपीट करणे भाग असे. चेष्टाच ही. पण तिने पुढचा सगळा मुलूख खेळाडूंच्या गळ्यात घातला.

छापील नियमांतही हाच क्रम दिसतो. १९७४ च्या पुस्तिकांत खेळ चालवणाऱ्याला सांगितले होते की मोहीम सुरू करण्याआधी भुयाराचे निदान सहा मजले चौकटीच्या कागदावर आखून तयार ठेव. बाहेरच्या रानावनासाठी मात्र ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ नावाच्या, रानात वाट चुकलेल्या माणसांवरच्या, दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट वापरावा अशी सूचना होती. म्हणजे भुयार स्वतःच्या हाताचे आणि जग उसने! पुढे १९८० मध्ये ‘वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक’ स्वतंत्रपणे प्रसिद्ध करायचे ठरले तेव्हा गायगॅक्सने ते नव्याने आखले. छापखाना जास्तीत जास्त ३४ बाय २२ इंचांचा कागद छापू शकतो असे त्याला कळले. हव्या त्या प्रमाणात त्या कागदांवर एका खंडाचा ईशान्य कोपराच मावत होता, म्हणून तेवढाच प्रसिद्ध झाला. उरलेल्या पृथ्वीवाचून कुणाचे काही अडले नाही. ज्यांना ‘जग’ म्हणजे परिपूर्ण गोल हवा असतो त्यांनी या कागदाचा विचार करावा.

हे सगळे योगायोगाने घडले आणि त्यावरून नियम काढता येत नाही, असे कुणी म्हणेल. म्हणून कारणाकडे वळू. भुयार ही माणसाने केलेली अशी वस्तू आहे की तिच्याकडे पाहताच प्रश्न पडतात. डोंगर असतो म्हणून असतो, समुद्राला कुणी कारण विचारत नाही, पण दगडात खोदलेला जिना कुणीतरी, कशासाठी तरी, कुणाच्या तरी पैशाने खोदलेला असतो. तो कुणी खोदला, त्याला पाणी कुठून येई, खोदणारे कुठे गेले, आज तिथे कोण राहते आणि ते काय खातात, या प्रश्नांची उत्तरे देताना आपोआप राज्य तयार होते, नदी तयार होते, दुष्काळ किंवा साथ तयार होते. प्रत्येक उत्तर भुयाराशी बांधलेले असल्यामुळे ते खेळात कधी ना कधी उपयोगी पडते. उलट, आधी आकाशातून खाली येणाऱ्या रचनेत सातव्या राजघराण्याच्या तिसऱ्या राजाचे नाव ठरते, पण टेबलाशी बसलेल्या कुणाचाही त्या राजाशी संबंध येत नाही.

याची खात्री करून घ्यायला मराठी वाचकाला कल्पित जगात जायचीही गरज नाही. दौलताबादची अंधारी घ्या. कातळात कोरलेली ती वळणावळणाची काळोखी वाट एकटी पाहिली तर नुसती भयचकित करणारी गंमत आहे. पण ती तिथे का आहे, असे विचारताच सगळा किल्ला उलगडतो. डोंगराचा कडा चहूबाजूंनी तासून उभा केलेला, भोवती कातळातच खोदलेला खंदक, वर जायला एकच वाट, म्हणून ती वाट शत्रूला गिळणारी हवी. आणि इतका खर्च एका टेकडीवर का, असे विचारले की मागे यादवांची राजधानी उभी राहते, १२९६ ची अलाउद्दीन खिलजीची स्वारी येते, १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी इथे हलवू पाहणारा मुहम्मद तुघलक येतो, मग बहमनी, निजामशाही आणि १६३३ चे मुघल. तीनशे-साडेतीनशे वर्षांचे दख्खनचे राजकारण एका अंधाऱ्या बोळातून बाहेर काढता येते. जुन्नरच्या आसपास दोनशेहून अधिक लेणी आहेत. ती तिथेच का, याचे उत्तर शेजारच्या नाणेघाटात आहे. कोकणातल्या बंदरांवरून घाटावर चढणारा माल, त्यावरची जकात, दान देणारे व्यापारी, सातवाहनांचा शिलालेख. लेणे पाहून रस्ता कळतो आणि रस्ता कळला की बंदर कळते. खरी पृथ्वी अशी बिळातून वाचता येते, तर खोटी पृथ्वी तशीच का लिहू नये?

भुयारातून बाहेर येणाऱ्या गोष्टींत सर्वांत मोठी गोष्ट सोने. सुरुवातीच्या नियमांत एका सोन्याच्या नाण्यामागे एक अनुभवगुण मिळे. म्हणजे पात्राची प्रगती राक्षस मारण्यापेक्षा लूट बाहेर आणण्यावर जास्त अवलंबून होती. आता ज्या खेडेगावात शेतमजुराला दिवसाला चार तांब्याची नाणी मिळतात तिथे पाच उडाणटप्पू पोत्याने सोने घेऊन उतरले तर काय होईल? भाव चढतील. गायगॅक्सला हे ठाऊक होते. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये त्याने खेळातल्या अवाच्या सवा किमतींचे समर्थन सोन्या-चांदीच्या एकदम वाढलेल्या ओघाकडे बोट दाखवून केले आहे आणि खेळाडूंच्या थैल्या हलक्या करण्यासाठी कर, जकाती, टोल, धर्मादाय वर्गण्या यांची यादीच दिली आहे. हा परिच्छेद बहुतेक जण चाळून पुढे जातात, पण माझ्या मते त्या पुस्तकात जग रचण्याचा धडा कुठे असेल तर तो इथे. सोन्याच्या मागोमाग सावकार येतो, खोटी नाणी पाडणारा येतो, दोरखंड आणि मशाली दुप्पट भावाने विकणारा वाणी येतो, सरदाराचा वसुली कारकून येतो. ‘हे धन आमच्या पणजोबांच्या थडग्यातले आहे’ म्हणत वारसदार येतो आणि त्याच्यामागे वकील येतो. हे सगळे भुयाराच्या तोंडाशी गोळा झालेले लोक म्हणजेच जग.

पहिला मोठा आक्षेप टॉल्कीनच्या नावाने घेतला जातो. त्याने आधी भाषा घडवल्या, मग त्या भाषा बोलणाऱ्यांचा इतिहास रचला, कथा नंतर आली. हे खरे आहे. मात्र टॉल्कीनची ती पुराणकथांची बैठक, ‘सिल्मरिलियन’, त्याच्या हयातीत पुरी झाली नाही. १९७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, मुलाने ती संपादून प्रसिद्ध केली. वाचकांनी आधी उचलून धरले ते १९३७ चे ‘द हॉबिट’, आणि त्याची सुरुवात जमिनीतल्या एका बिळापासून होते, शेवटाकडे डोंगराच्या पोटातला खजिना आहे. शिवाय टॉल्कीन एकटा लिहीत होता. त्याच्या पात्रांनी ठरलेली वाट सोडून भलत्याच गावाचा रस्ता धरला नाही. टेबलावरचे खेळाडू ते दर आठवड्याला करतात. कादंबरीकाराची पद्धत खेळ चालवणाऱ्याला लागू करणे म्हणजे कीर्तनकाराला जुगलबंदीत बसवणे.

जास्त अडचणीची उदाहरणे दोन आहेत आणि ती याच खेळातली आहेत. कॅनडातल्या एड ग्रीनवुडने ‘फरगॉटन रेल्म्स’ हे जग साठच्या दशकात, हा खेळ जन्मायच्याही आधी, पोरवयात आपल्या गोष्टींसाठी रचले. १९८७ मध्ये ते खेळासाठी प्रसिद्ध झाले आणि आज सर्वांत गाजलेले जग तेच आहे. म्हणजे आधी जग, मग भुयार असेही यश मिळते, हे मान्यच केले पाहिजे. फक्त त्या अवाढव्य जगातले खेळाडूंच्या तोंडी असलेले ठिकाण कोणते ते पाहावे. वॉटरडीप शहरातली एक खाणावळ. तिच्या मधोमध विहीर, विहिरीखाली अंडरमाउंटन नावाचे मैलोन्‌मैल भुयार, आणि मालक दोरीने खाली सोडायचे एक सोन्याचे नाणे घेतो, वर ओढायचेही एक. शेकडो गावे, डझनावारी देव आणि शतकांचा इतिहास असलेल्या जगाला घरपण आले ते भुयाराच्या काठावर धंदा मांडून बसलेल्या माणसामुळे.

दुसरे उदाहरण एम. ए. आर. बार्करचे. मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचा हा प्राध्यापक, उर्दूची पाठ्यपुस्तके लिहिणारा. त्याचे टेकुमेल हे जग लहानपणापासून वाढत आलेले, स्वतंत्र भाषा आणि लिप्यांसह. १९७५ मध्ये ते ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ म्हणून खेळाच्या रूपात आले. (या माणसाने टोपणनावाने एक नाझीधार्जिणी कादंबरीही लिहिली होती, हे त्याच्या मागे त्याचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये कबूल केले. त्याचे नाव घेताना ते लपवू नये.) या तयार जगात खेळाला लागणारी भुयारे कुठून आली? टेकुमेलमध्ये दर पाचशे वर्षांनी शहर पाडून, जुन्या शहरावर भर घालून नवे बांधण्याचा धार्मिक विधी आहे. त्यामुळे प्रत्येक शहराखाली जुनी शहरे, जुनी देवळे आणि विस्मरणात गेलेले पुजारी. पोटातल्या पोकळीचे कारण सांगताना त्या समाजाचा कालगणनेशी आणि पूर्वजांशी असलेला संबंध ठरून गेला. टेकुमेल भुयारापासून सुरू झाले नाही, हे खरे. पण त्याची सर्वांत जिवंत रूढी भुयाराच्या गरजेला शोभेल अशीच आहे, एवढे नक्की म्हणता येईल.

दुसरा आक्षेप गोधडीचा. गरजेप्रमाणे ठिगळ जोडत गेलेल्या जगात एका पानाचा दुसऱ्या पानाशी मेळ बसत नाही, आणि मेळ नसला की विश्वास बसत नाही. याला आधार आहे. ग्रेहॉकचे मूळ भुयार विचित्र गोष्टींनी भरलेले होते आणि त्याचे स्पष्टीकरण एकच: झागिग नावाच्या वेड्या जादूगाराने ते बांधले. नाव गायगॅक्सच्याच नावाची उलटापालट. अंडरमाउंटनलाही वेडा जादूगारच पुरवण्यात आला. ही पळवाट आहे, तिचे समर्थन मी करणार नाही. वेड्याने बांधले म्हटले की सगळे प्रश्न मिटतात, आणि प्रश्न मिटले की जग वाढायचे थांबते. पण दोष आहे तो उत्तर टाळण्यात. भुयारापासून सुरुवात केल्यामुळे काही तो येत नाही. जेनेल जॅक्वेज यांनी १९७९ मध्ये ‘केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ हे भुयार रचले. त्यात वरच्या थरात एक टोळी, तिच्याखाली मृत्युदेवतेचा पंथ, त्याखाली आणखी जुने सरपटणाऱ्यांचे राज्य, असे खाली उतरत जाल तसे मागच्या काळात जाता. कुठेही इतिहासाची तासिका नाही. खेळाडू जिने उतरतो आणि इतिहास त्याला पायांनी कळतो. एका भुयारात राहूनही मेळ साधता येतो, किंबहुना तिथेच सोपा जातो, कारण जागा थोडी असते आणि खोटेपणा लगेच उघडा पडतो. २०२४ मध्ये ‘डंजन मास्टर्स गाइड’ची नवी आवृत्ती आली तेव्हा नवख्यांना दाखवायचा नमुना म्हणून निवड झाली ती ग्रेहॉकचीच, गाजलेल्या रेल्म्सची नव्हे. ज्या जगात रिकाम्या जागा जास्त, ते शिकवायला बरे, असा अर्थ मी त्यातून काढतो.

तिसरा आक्षेप सौंदर्याचा नाही, नीतीचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. भुयारात घुसायचे, तिथे राहणाऱ्यांना मारायचे, त्यांच्या वस्तू आणायच्या आणि त्याला पराक्रम म्हणायचे. ही दरोड्याची गोष्ट आहे, आणि सरहद्दीपलीकडच्यांना रानटी ठरवून त्यांच्या भूमीवर हक्क सांगणाऱ्यांचा इतिहास ज्यांनी भोगला त्यांना ती ओळखीची वाटणारच. गायगॅक्सचे ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे छापील साहस याचे ठळक उदाहरण. नवशिक्यांच्या संचातून ते लाखो टेबलांवर गेले. एका बाजूला सुसंस्कृत माणसांची गढी, दुसऱ्या बाजूला एका दरीतल्या गुहांत शेजारी शेजारी राहणाऱ्या कोबोल्ड, गॉब्लिन, ऑर्क अशा टोळ्या. त्या गुहांच्या नोंदींत लढणाऱ्यांबरोबर बाया किती आणि पोरे किती हेही दिले आहे. त्या पोरांचे काय करायचे, हे कुठेच दिलेले नाही. गढीतल्या माणसांना नावेही नाहीत. गढीचा अधिकारी, सराफ, पुजारी, एवढेच.

या आक्षेपाला ‘खेळच तर आहे’ असे उत्तर देणाऱ्यांशी माझे जमत नाही. खेळ आहे म्हणून तर लोक त्यात तासन्‌तास मन गुंतवतात. पण आक्षेप मान्य करून भुयारच टाकून द्यावे आणि सुरुवात राजदरबारापासून करावी, हेही पटत नाही. दरबारातून पाहिले तर सरहद्द ही नकाशावरची रेघ असते, तिच्यापलीकडचे लोक दिसतच नाहीत. गुहेच्या दारात उभे राहिले की ते दिसतात, पोरांच्या आकड्यासकट. १९७९ मधल्या त्या नोंदींत अडकलेला प्रश्न चाळीस-पंचेचाळीस वर्षे खेळाडूंना छळत आला आहे तो एवढ्यासाठीच. जिथे खेळ चालवणारा त्याला उत्तर द्यायला बसतो तिथे त्याला खरे जग रचावे लागते. गढी बांधायच्या आधी या दरीत कुणाची गुरे चरत होती? इतक्या वेगळ्या टोळ्या एकाच दरीत दाटीवाटीने का राहतात, त्यांना कुठून हुसकावले? गढीचा सराफ ऑर्कांकडून आलेली चांदी घेतो का, आणि घेत असेल तर त्याचा पुजारी शेजारी त्याला काय म्हणतो? पकडलेल्या पोरांना गढीत आणले तर त्यांना कोण सांभाळणार, कुठल्या कायद्याखाली, आणि त्यांच्या आया दाराशी येऊन उभ्या राहिल्या तर पहारेकऱ्याने काय करावे? यातल्या कुठल्याही प्रश्नाचे उत्तर तीन हजार वर्षांच्या वंशावळीत सापडत नाही. त्यासाठी गढीत एक न्यायाधीश लागतो, दोन्ही भाषा जाणणारा एक दुभाषा लागतो, चराईच्या हक्काचा एक जुना करार लागतो, आणि तो करार पाहिलेला, अजून जिवंत असलेला, कुणीतरी साक्षीदार.